उंदीर कां जेवत नाहीं?

घरांतलें मूल पानावरून अर्धपोटीं उठलें, म्हणजे आई प्रथम "कां रे?" असें विचारते. पोट भरलें, कीं अंगांत कसर आहे? कोणी रागें भरलें म्हणून रुसवा आहे, कीं अंगणांत सवंगडी खोळंबले आहेत म्हणून घाई आहे? पानांत टाकलेला भात चारहि वेळां सारखाच दिसतो. परंतु कारण निराळें, त्याप्रमाणें आईचा उपायहि निराळा. कसर असलेल्या मुलाला ती आग्रह करीत नाहीं, रुसलेल्याची समजूत घालते, खेळाकडे धांवणाऱ्याला हाताला धरून पुन्हां पानावर बसविते, आणि खरोखर पोट भरलेल्याला सोडून देते. मेंदूंतील रसायनें, औषधें आणि भूक यांचा परस्परसंबंध शोधणाऱ्या शास्त्राविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें. त्या शास्त्रालाहि शेवटीं याच प्रश्नाशीं यावें लागलें. मात्र तेथें ज्याला विचारावयाचें तो पिंजऱ्यांतला पांढरा उंदीर असतो, आणि तो तोंडानें उत्तर देऊं शकत नाहीं. त्याच्याकडून उत्तर कसें मिळवावयाचें, आणि तें न मिळवितां पुढें गेल्यास माणसाचें काय नुकसान होतें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्याकडे उंदीर म्हटला कीं शेतांतला आणि कणगींतला चोर, नाहीं तर गणपतीचें वाहन, एवढीच त्याची ओळख. प्रयोगशाळेंतला उंदीर हा त्याच कुळांतला, पण पिढ्यानपिढ्या पाळलेला प्राणी आहे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेनें १९०६ सालापासून पांढऱ्या उंदरांची एक जात जोपासली, आणि तिचे वंशज पुढें जगभरच्या प्रयोगशाळांत पोंचले. माणसाप्रमाणेंच हा प्राणी धान्य, चरबी, गोडधोड सर्व खातो. तो रात्रीं जागतो आणि रात्रभरांत थांबून थांबून अनेक लहान जेवणें घेतो. त्याच्यापुढें तोलून अन्न ठेवावें, दुसऱ्या दिवशीं उरलेलें पुन्हां तोलावें आणि वजाबाकी करावी, ही या शास्त्रांतील मूळ रीत. एखादें औषध दिल्यावर ही वजाबाकी लहान आली, तर त्या औषधानें भूक मारली असें म्हणावयाचें. तराजू खोटें बोलत नाहीं हें खरें. परंतु तो फार थोडें बोलतो, आणि त्याच्या मौनांत आपण आपल्या मनाजोगें उत्तर भरतों. या विषयांतला सारा धोका येथें आहे.

भूक कोठें लागते असें कोणी विचारलें, तर आपण पोटावर हात ठेवतों. पोटांत कावळे ओरडतात, पोटांत खड्डा पडतो, अशी आपली भाषाच आहे. १९१२ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील वॉल्टर कॅनन आणि वॉशबर्न यांनीं या समजुतीला प्रयोगाचा आधार दिला. वॉशबर्न यांनीं रबराचा एक फुगा गिळला, आणि तो नळीच्या द्वारें नोंदयंत्राला जोडला. जठराचें आकुंचन होई त्याच सुमारास भुकेची कळ उठते, असें त्या नोंदींत दिसलें. भूक म्हणजे रिकाम्या जठराची चाळवाचाळव, हा सिद्धांत त्यामुळें कांहीं काळ रूढ झाला. परंतु १९३८ सालीं त्सांग नांवाच्या संशोधकानें उंदरांचें जठर काढून टाकलें, तरी ते उंदीर अन्नासाठीं पूर्वीसारखेच धडपडत राहिले. जठर भुकेची वर्दी देत असेल. पण भूक तेथें राहात नाहीं, एवढें यावरून ठरलें.

मग ती राहते कोठें? मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. माणसाच्या मेंदूंत तो बदामाएवढा असतो. उंदराच्या मेंदूंत त्याहून कितीतरी लहान. १९४० सालीं शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनीं या भागाच्या मध्याजवळील जागा बारीक विजेच्या तारेनें दोन्ही बाजूंस जाळली. ते उंदीर पुढें विलक्षण लठ्ठ झाले. त्यानंतर १९५१ सालीं येल विद्यापीठांत आनंद आणि ब्रोबेक यांनीं याच भागाच्या बाहेरच्या कडेची जागा निकामी केली. या वेळीं उलट प्रकार घडला. पुढ्यांत अन्न असतांना ते उंदीर उपाशीं राहिले, आणि कित्येक तसेच मरून गेले. यांतील आनंद म्हणजे आपले बालकृष्ण आनंद. हे पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत इंद्रियविज्ञानाचे प्राध्यापक झाले. या दोन प्रयोगांतून एक सुटसुटीत चित्र तयार झालें: कडेला भुकेचें केंद्र, मध्यावर तृप्तीचें केंद्र, एक पेटलें कीं प्राणी खाऊं लागतो, दुसरें पेटलें कीं थांबतो. शाळेंतल्या मुलालाहि समजावें इतकें हें चित्र सोपें होतें, आणि कित्येक वर्षें तें पाठ्यपुस्तकांत मानानें मिरवलें.

परंतु सोप्या चित्राला तडा जावयास फार काळ लागला नाहीं. खरें पाहतां पहिला तडा त्याच सुमारास गेला होता. १९५० सालीं येल विद्यापीठांतच नील मिलर आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या लठ्ठ उंदरांची निराळी परीक्षा घेतली. अन्न नुसतें पुढें ठेवलें तर हे उंदीर अघाशासारखे खात. मात्र अन्न मिळविण्यासाठीं खटका दाबावयास लावला, वाटेंत अडथळा घातला, किंवा अन्नांत कोयनेलाचा कडूपणा मिसळला, तर हे खादाड उंदीर साध्या उंदरांहूनहि लवकर माघार घेत. ज्याची भूक वाढली आहे त्यानें अन्नासाठीं अधिक कष्ट करावयास नकोत काय? खाणें वाढलें होतें, पण ओढ कमी झाली होती. खाल्लेल्या अन्नाचें वजन आणि भूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची ही पहिली स्पष्ट साक्ष होय.

येथून पुढें जाण्यापूर्वी मेंदूंत रसायनांचें काम काय असतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मेंदू असंख्य मज्जापेशींचा बनलेला आहे. दोन पेशी जेथें भेटतात तेथें बहुधा एक अतिसूक्ष्म फट असते. एका पेशींतून विजेचा संदेश टोंकापर्यंत आला, म्हणजे तेथील सूक्ष्म पिशव्यांतून एक रसायन त्या फटींत सांडतें, आणि किल्ली कुलुपांत बसावी तसें पलीकडच्या पेशीवरील ठरलेल्या जागीं जाऊन बसतें. डोपामीन, नॉरॲड्रेनॅलिन, सिरोटोनिन हीं अशा रसायनांपैकीं कांहींचीं नांवें. मनावर परिणाम करणारीं बहुतेक औषधें याच फटीपाशीं आपला खेळ करतात. कोणी त्या पिशव्या रित्या करतें, कोणी सांडलेलें रसायन परत शोषलें जाऊं देत नाहीं, तर कोणी कुलुपांत खोटी किल्ली अडकवून ठेवतें. १९६० सालीं ग्रॉसमन यांनीं उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्यें बारीक नळी बसविली आणि तींतून हीं द्रव्यें थेट आंत सोडलीं. नॉरॲड्रेनॅलिन सोडतांच पोटभर जेवलेला उंदीर पुन्हां खाऊं लागला. त्याच नळींतून दुसऱ्या जातीचें, ॲसेटिलकोलिनासारखें काम करणारें द्रव्य सोडलें, तर तो पाणी पिऊं लागला. जागा तीच, परंतु रसायन बदलतांच वागणूक बदलली. केंद्रांचा नकाशा काढून भागणार नव्हतें. त्या नकाशावर कोणतें रसायन वाहतें तें पाहणें आवश्यक झालें.

या कथेंत आपल्या एका जुन्या वनस्पतीला मोठें स्थान आहे. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य कित्येक पिढ्यांपासून वापरीत आले. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष तिच्याकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. हें द्रव्य मेंदूंतील वर सांगितलेल्या पिशव्या रित्या करतें. स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ सालीं तें सशांना टोंचलें, तेव्हां ते ससे कान पाडून निश्चल बसले. पण डोपामीन ज्यापासून बनतें तें डोपा नांवाचें द्रव्य देतांच ते थोड्याच वेळांत पुन्हां हिंडूंफिरूं लागले. डोपामीन हें मेंदूंतील एक स्वतंत्र संदेशवाहक आहे हें या संशोधनांतून सिद्ध झालें, आणि त्याबद्दल कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

आतां आनंद आणि ब्रोबेक यांच्या उपाशी उंदरांकडे पुन्हां वळूं. १९७१ सालीं स्टॉकहोम येथें उंगरस्टेट यांनीं भुकेच्या केंद्राला हात न लावतां, केवळ डोपामीन वाहून नेणारे तंतु एका विशिष्ट विषानें नष्ट केले. हेहि उंदीर खाईनात कीं पिईनात. हे तंतु त्या तथाकथित भुकेच्या केंद्राजवळूनच जातात. म्हणजे विजेच्या तारेनें ती जागा जाळतांना तेथून जाणारी ही वाटहि जळत असली पाहिजे. याच वर्षीं दुसऱ्या संशोधकांनीं अशा उंदरांकडे नीट पाहिलें, तेव्हां त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. या उंदरांच्या मिशांना स्पर्श केला किंवा नाकापाशीं वास धरला, तर ते त्या बाजूला मानहि वळवीत नसत. ज्याचें जगाकडेच लक्ष उरलें नाहीं, तो अन्नाकडे कसें लक्ष देणार? त्या जागेंतील पेशींचाहि भुकेच्या कामांत वांटा आहे, हें पुढील प्रयोगांनीं दाखविलें. तथापि 'भुकेचें केंद्र गेलें म्हणून उंदीर उपाशीं मेला' हें विधान अर्धवट होतें. त्याची भूकच तेवढी गेली नव्हती; उठणें, वळणें, पुढें होणें, हेंहि त्याच्यानें होत नव्हतें.

मग डोपामीन गेल्यावर अन्नाची गोडीहि जाते काय? हा प्रश्न उंदराला विचारण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. उंदराच्या जिभेवर साखरेचें पाणी सोडलें तर तो जीभ बाहेर काढून ओठ व पंजे चाटतो. कोयनेलाचें पाणी सोडलें तर तोंड वासतो आणि डोकें झाडतो. तान्ह्या मुलाच्या चेहऱ्यावरहि गोड आणि कडू यांचे असेच निरनिराळे भाव उमटतात. १९८९ सालीं मिशिगन विद्यापीठांतील बेरिज आणि त्यांचे सहकारी यांनीं डोपामीन जवळजवळ नाहींसें झालेल्या उंदरांच्या जिभेवर साखर ठेवली. जे उंदीर आपण होऊन अन्नाला शिवत नव्हते, तेहि साखर तोंडांत पडतांच पूर्वीसारखेच ओठ चाटूं लागले. गोडी कायम होती, ओढ मात्र उरली नव्हती. आपण 'आवडणें' आणि 'हवेंसें वाटणें' हे शब्द एकमेकांच्या जागीं वापरतों; मेंदू मात्र त्यांचें काम निरनिराळ्या रसायनांकडे सोंपवितो.

दुसरी परीक्षा अमेरिकेंतील सॅलामोन यांनीं १९९१ सालीं घेतली. पिंजऱ्यांत एका बाजूस खटका ठेवला. तो पुनःपुन्हां दाबला तर आवडीची गोळी मिळे. दुसऱ्या बाजूस साधें अन्न फुकट पडलेलें असे. निरोगी उंदीर फुकटच्या अन्नाकडे फारसें न पाहतां खटका दाबून आपली आवडती गोळी मिळवीत. डोपामीनचें कुलूप अडविणारें औषध बेताच्या मात्रेंत दिलें, तेव्हां त्यांनीं खटका दाबणें कमी केलें. परंतु ते उपाशीं बसले नाहींत, समोरचें फुकटचें अन्नच अधिक खाऊं लागले. या प्रयोगांत फुकटचें अन्न ठेवलें नसतें, तर औषधानें भूक मारली असाच निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षांत भूक जागच्या जागीं होती; तिच्यासाठीं कष्ट उपसण्याची तयारी तेवढी ओसरली होती.

श्रोतेहो, हा भेद विद्वानांच्या वादापुरता नाहीं. माणसांच्या जिवाशीं त्याची गांठ आहे. ॲम्फेटामीन नांवाचें औषध १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. तें डोपामीन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा पूर वाहवितें. त्यानें झोंप उडते, तशी अन्नावरची वासनाहि उडते. म्हणून लठ्ठपणावरील औषध म्हणून तें पाश्चात्त्य देशांत लाखो लोकांनीं घेतलें. पुढें सिरोटोनिन वाढविणारें फेनफ्लुरामीन आलें. दोन्हींनीं उंदराचें अन्न कमी होई. तराजूच्या लेखीं दोन्ही सारखींच. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठांत ब्लंडेल आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत नुसत्या वजनावर न थांबतां उंदीर कसा जेवतो तें पाहिलें. ॲम्फेटामीन दिलेला उंदीर पुष्कळ वेळ अन्नाकडे फिरकतच नसे. पण एकदां जेवूं लागला कीं भराभर खाई. फेनफ्लुरामीन दिलेला उंदीर वेळेवर जेवावयास येई, सावकाश खाई आणि लवकर थांबे. पहिल्याला जणूं जेवावयास सवड नव्हती. दुसऱ्याचें पोट लवकर भरत होतें.

ॲम्फेटामीनची मात्रा वाढविली तर तोच उंदीर पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यांत तासन्‌तास हुंगत, चाटत, कुरतडत बसतो. अशा उंदरानें अन्न खाल्लें नाहीं याला तृप्ति म्हणणें म्हणजे घराला आग लागली म्हणून जेवण सोडून धांवणाऱ्याला उपास घडला असें म्हणण्यासारखें आहे. माणसांतहि या औषधाचें व्यसन लागतें आणि कित्येकांच्या मनाचा तोल जातो, हें पुढें अनुभवास आलें. फेनफ्लुरामीनचा मार्ग तृप्तीला जवळचा होता. पण सिरोटोनिनच्या एका कुलुपाशीं त्याचा जो संबंध होता, त्यापायीं हृदयाच्या झडपा खराब होतात असें आढळलें, आणि १९९७ सालीं वजन उतरविण्याचें औषध म्हणून तें मागें घ्यावें लागलें. औषध मेंदूसाठीं घेतलें, तरी तें सर्व शरीरांतून फिरतें, हा दुसरा धडा.

मग खरी तृप्ति ओळखावी कशी? याचें उत्तर उंदराच्याच दिनक्रमांत सांपडलें. पोट भरलेला उंदीर एकदम थांबत नाहीं. तो खाणें सोडतो, पंजांनीं तोंड व मिशा पुसून अंग साफ करतो, थोडा इकडेतिकडे हिंडून हुंगतो, आणि मग अंगाचें मुटकुळें करून स्वस्थ पडतो. आपला यजमान हात धुऊन, विडा खाऊन, चार शतपावलें घालून आडवा होतो, त्यांतलाच हा प्रकार. न्यूयॉर्क येथील गिब्ज आणि स्मिथ यांच्या प्रयोगशाळेंत १९७५ सालीं या क्रमाचा उपयोग कसोटी म्हणून केला गेला. उंदराच्या जठराला बाहेर उघडणारी नळी बसविली, तर गिळलेलें पातळ अन्न बाहेर वाहून जातें. असा उंदीर खातच राहतो आणि स्वस्थ कधीं पडत नाहीं. त्याच्या अन्नांत कोयनेल मिसळलें तर तो खाणें थांबवितो, पण विश्रांति घेत नाहीं. मात्र आंतड्यांतून स्रवणारें कोलेसिस्टोकायनिन नांवाचें द्रव्य टोंचलें, तर तो थांबतो, तोंड पुसतो, हिंडतो आणि निजतो. खाणें थांबलें हें दोन्हीकडे सारखें. तृप्ति दिसली ती एकीकडे.

आणखी एक शंका उरते. औषधानें उंदराला मळमळत असेल तर? उंदराला ओकारी येऊं शकत नाहीं. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. म्हणून हें दुखणें बाहेर दिसत नाहीं. त्याचीहि वाट संशोधकांनीं काढली. १९५५ सालीं जॉन गार्सिया यांनीं दाखविलें, कीं नवी गोड चव चाखतांना उंदराची प्रकृति बिघडविली, तर पुढें तो ती चव टाळतो. म्हणून औषध देतांना नवी चव द्यावी आणि नंतर तो ती नाकारतो काय हें पाहावें. शिवाय, आजारी उंदीर चिनी माती खातो असेंहि आढळलें. मातीचे डोहाळे आपल्या घरांतून अपरिचित नाहींत. त्यामुळें ही खूण आपणांस फार विचित्र वाटूं नये. अन्नाशेजारीं मातीची वडी ठेवावी. अन्न घटलें आणि माती वाढली, तर हें लक्षण तृप्तीचें नव्हे, पोट ढवळल्याचें आहे.

शरीराचा हट्टहि ध्यानांत घ्यावा लागतो. १९८४ सालीं वेस्ट, फे आणि वुड्स यांनीं प्रत्येक जेवणाच्या आरंभीं उंदराला आपोआप कोलेसिस्टोकायनिन मिळेल अशी योजना केली. त्याचें प्रत्येक जेवण लहान झालें. पण त्यानें जेवणांची संख्या वाढविली, आणि वजन फारसें उतरलें नाहीं. एका जेवणापुरता मेंदू फसतो. आठवड्याच्या हिशेबांत तो आपलें येणें वसूल करतो. लठ्ठ माणसाला 'जिभेवर ताबा ठेवा' एवढेंच सांगणाऱ्यानें हा प्रयोग अवश्य लक्षांत ठेवावा.

या कसोट्या अपुऱ्या पडल्या तर काय होतें, याचें उदाहरण फार जुनें नाहीं. भांग घेतल्यावर भूक खवळते, हें आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. भांगेंतील द्रव्य ज्या कुलुपांत बसतें त्यासाठीं मेंदूहि स्वतःचें एक द्रव्य बनवितो. तें १९९२ सालीं जेरुसलेममध्यें सांपडलें, आणि शोधकांनीं आपला संस्कृत 'आनंद' शब्द घेऊन त्याचें नांव आनंदमाइड ठेवलें. मग तें कुलूप अडविणारें रिमोनाबंट नांवाचें औषध निघालें. उंदीर कमी खाऊं लागले, विशेषतः गोडधोड. माणसांचेंहि वजन उतरलें, आणि २००६ सालीं युरोपांत तें विक्रीस आलें. परंतु घेणाऱ्यांपैकीं कित्येकांना खिन्नता ग्रासूं लागली, कोणाच्या मनांत आत्मघाताचे विचार येऊं लागले, आणि २००८ सालीं औषध मागें घेण्यांत आलें. ज्या द्रव्याच्या नांवांतच आनंद आहे, त्याची वाट अडविल्यावर केवळ अन्नाचीच गोडी कमी होईल, असें कोणी मानावयास नको होतें.

सांप्रत सर्वत्र गाजत असलेल्या औषधांची कथाहि उंदरापासूनच निघते. जेवणानंतर आंतड्यांतून जीएलपी-१ नांवाचें द्रव्य स्रवतें. मेंदूच्या मागील भागांतहि तें बनतें. १९९६ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांतील संशोधकांनीं तें उपाशी उंदरांच्या मेंदूंत सोडलें, तेव्हां त्यांचें खाणें एकदम घटलें. मूळ द्रव्य शरीरांत कांहीं मिनिटांतच नाश पावतें. म्हणून त्याच्यासारखीं, पण दीर्घकाळ टिकणारीं औषधें तयार झालीं. त्यांपैकीं सेमाग्लुटाइड लठ्ठपणासाठीं २०२१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि २०२५ सालीं त्या कामासाठीं भारतांतहि विक्रीस आलें. त्यानें वजन उतरतें, यांत संशय नाहीं. मात्र घेणाऱ्यांची नित्याची तक्रार, विशेषतः आरंभीं, मळमळीची असते. आणि या जातीचीं औषधें दिलेले उंदीरहि माती खातात. म्हणजे जुना प्रश्न येथेंहि उभा आहे: यांत तृप्ति किती आणि मळमळ किती? २०२४ सालीं लहान जातीच्या उंदरांवर झालेल्या संशोधनांत असें दिसलें, कीं मेंदूच्या मागील भागांत तृप्तीचा संदेश नेणाऱ्या पेशी आणि नकोसेपणाचा संदेश नेणाऱ्या पेशी बऱ्याच अंशीं निरनिराळ्या आहेत. तसें असेल, तर एक ठेवून दुसरें टाळणारें औषध शोधण्यास जागा आहे.

तेव्हां 'भूक मारणारें औषध' अशी जाहिरात जेव्हां आपल्या डोळ्यांसमोर येईल, तेव्हां आपण वैद्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: हें औषध भूक मारतें तें कोणत्या वाटेनें? पोट भरल्याची जाणीव देऊन, मळमळ आणून, मन दुसरीकडे भडकवून, कीं जगण्यांतली ओढच कमी करून? वजनाचा कांटा या चारहि वेळां तितकाच खालीं येईल. उत्तर त्या कांट्यावर नाहीं. तें पाहण्यासाठीं, जेवण झाल्यावर उंदीर स्वस्थपणें तोंड पुसून निजतो, कीं कोपऱ्यांत माती कुरतडीत बसतो, हें रात्रभर जागून पाहणारा माणूस लागतो.